बाप्तिस्म्याची वही आणि सातबारा

माणूस ख्रिस्ती झाला की त्याची जात संपते, असे १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश धरून चालतो. ख्रिस्ती धर्मात जात नाही, असे चर्चमध्ये प्रवचनातून सांगितले जाते. आणि धर्मांतराला विरोध करणारेही अडचणीच्या वेळी हेच वाक्य फेकतात: तुमच्यात जात नाही ना, मग सवलती कशाला मागता? सरकार, चर्च आणि धर्मांतरविरोधक यांचे एकमत व्हावे अशा गोष्टी आपल्या देशात फार नाहीत. ही त्यातली एक.

ते एकमत खरे आहे का, हे बघायला धर्मशास्त्र वाचावे लागत नाही. तलाठ्याचे दप्तर पुरते. वसईतल्या एखाद्या कॅथलिक कुटुंबाचा सातबारा काढा. त्यावर आजोबा, पणजोबांपासून वारसांची नावे उतरत आलेली दिसतील. मग अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरमधल्या, एखाद्या कॅथलिक कुटुंबाचा सातबारा मागा. बऱ्याच घरांच्या नावाने तो निघणारच नाही. निघाला तर त्यावर काही गुंठे असतील आणि इतर हक्कांच्या रकान्यात जमिनीच्या शर्तीचा शेरा असेल. दोन्ही घरांत रविवारी मिस्सा, दोन्ही घरांत मारियेची तसबीर, दोन्ही घरांत नाताळ. बाप्तिस्म्याच्या वहीत दोघांची नोंद सारखीच. महसुली वहीत मात्र एक शेतकरी आणि एक मजूर.

हा फरक कुठून आला, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. कॅथलिक माणूस शेतकरी असेल की शेतमजूर, हे बाप्तिस्म्याने ठरलेले नाही. ते बाप्तिस्म्याच्या आधी, त्याच्या जातीने ठरवून ठेवले होते. धर्म बदलताना माणसाने देव बदलला, नाव बदलले, काही ठिकाणी आडनावही बदलले. जमीन जिथे होती तिथेच राहिली.

वसईची वाडी

मराठी माणसाला ‘ख्रिस्ती शेतकरी’ म्हटले की वसई आठवते, आणि ते साहजिक आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत या किनाऱ्यावरचे गट ख्रिस्ती झाले. ते सुटे सुटे झाले नाहीत, आपापल्या जातीसकट झाले. म्हणून आजही तिथल्या ख्रिस्ती समाजात सामवेदी, म्हणजे कुपारी, आहेत, वाडवळ आहेत, कोळी आहेत. कुपाऱ्यांची कादोडी बोली वेगळी, वाडवळांची बोली वेगळी. लग्ने जुळवताना गट बघायची रीत शतकानुशतके चालली.

या समाजाची शेती म्हणजे वाडी. केळी, नागवेलीचे पान, भाजीपाला, फुले. आगाशीची सुकेळी, म्हणजे राजेळी केळी वाळवून केलेला खाऊ, मुंबईच्या बाजारात नाव कमावून होती. पाण्यासाठी विहीर, विहिरीवर बैलांनी ओढायचा रहाट, आणि पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवणारी बावखले. वाडीतला माल पहाटेच्या लोकलने मुंबईला जायचा. तो नेणाऱ्या बहुतेक बायका. डोक्यावर टोपली, अंगावर लुगडे, आणि दुपारी परत येऊन पुन्हा शेतात. या कष्टांत खोटे काही नाही. वसईच्या शेतकऱ्याने आपली वाडी घाम गाळून फुलवली.

ती टिकवण्यासाठीही तो लढला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी मोकळा होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. बिल्डर, टँकरने विहिरी उपसणारे, आणि त्यांना हात देणारे राजकारण, या सगळ्यांशी एका धर्मगुरूने आणि शेतकऱ्यांनी उघड झुंज घेतली. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा गावांनी आमची ग्रामपंचायत आम्हाला ठेवा म्हणून आंदोलन केले. हेच दिब्रिटो पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. महाराष्ट्राच्या पर्यावरण चळवळीने त्यांचे ऋण मानायला हवे.

पण या लढ्याकडे आपल्या बाजूने बघताना एक गोष्ट दिसते. जमीन वाचवण्याची चळवळ जमीन असलेल्यांनाच करता येते. बिल्डरला नकार द्यायलाही सातबारा लागतो. वसईच्या वाडीत रोजंदारीवर राबणारे हात अनेकदा आदिवासी असतात. वाडी राहिली काय आणि तिथे टॉवर आला काय, त्या हातांच्या नावावर काहीच चढत नाही. घरातल्या मुलीचेही तसेच. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत तसा हक्क मिळायला २००५ साल उजाडले. तरीही लग्नानंतर हक्कसोडपत्रावर सही करायची रीत ख्रिस्ती घरांनाही अनोळखी नाही. कायद्यात वाटा असणे आणि नावावर जमीन असणे यांतले अंतर आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

गोव्याची गावकारी

वसईवरून कुणी म्हणेल की हा एका तालुक्याचा योगायोग आहे. म्हणून थोडे खाली गोव्यात जाऊ. तिथे गावची जमीन गावकारीची, पोर्तुगीजांनी जिला कोमुनिदाद म्हटले. गावकार म्हणजे ज्या घराण्यांनी गाव वसवला असे मानले जाते ती घराणी. हा हक्क बापाकडून मुलाकडे जातो. गाव ख्रिस्ती झाला तेव्हा गावकारीही ख्रिस्ती झाली, पण ती मोडली नाही. कालचे ब्राह्मण गावकार आज ‘बामण’ कॅथलिक गावकार झाले, क्षत्रिय म्हणवणारे ‘चार्डो’ झाले. त्यांच्या जमिनीत घर बांधून राहणारा मुंडकार आणि शेतात राबणारा गावडा किंवा कुणबी हेही त्याच चर्चमध्ये गुडघे टेकू लागले. गावकारीतला वार्षिक वाटा, म्हणजे जोण, मात्र त्यांच्यापर्यंत पोचली नाही. मुंडकाराला राहत्या घरातून हुसकावता येऊ नये यासाठी १९७५ मध्ये कायदा करावा लागला. कसणाऱ्या कुळाला मालकी देण्यासाठी १९७६ मध्ये कूळकायदा दुरुस्त करावा लागला. चर्चला चारशे वर्षांत जे जमले नाही, त्यासाठी विधानसभा लागली.

गोव्यातली आणखी एक गोष्ट पुढे कामाची आहे. २००३ मध्ये गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. त्यांतले बरेच गावडे आणि कुणबी कॅथलिक आहेत. त्यांना कुणी विचारले नाही की तुम्ही ख्रिस्ती आहात, मग जमात कशी? अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. सासष्टीतला कॅथलिक गावडा शेतकरी चर्चला जाऊन अनुसूचित जमातीचा राहतो. नगरचा कॅथलिक महार शेतमजूर चर्चला गेला की अनुसूचित जातीचा राहत नाही. धर्म एक, संविधान एक, आणि उत्तरे दोन.

नगरची वस्ती

आता नगर जिल्हा. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन इथे आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जर्मन भाषक जेझुइट धर्मगुरूंनी राहुरी, संगमनेर या भागांत कॅथलिक मिशन सुरू केले. दोन्हींकडे गेले ते मुख्यतः महार, आणि पुढे मांग. शाळा होती, दुष्काळात धान्य होते, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आपल्या दाराशी येऊन बसणारा माणूस होता. पण मराठी वाङ्मयात या काळातला ख्रिस्ती माणूस म्हणून कोण आठवते? रेव्हरंड टिळक. नगर आणि राहुरीत राहिलेले, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले कवी. त्यांच्या काव्याबद्दल तक्रार नाही. त्यांच्या आसपास वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती होत होत्या, त्यांचे चरित्र कुणी पाठ्यपुस्तकात घेतले नाही, एवढेच.

ही माणसे शेती करत नव्हती असे नाही. ती शेतीच करत होती, दुसऱ्याची. स्वतःची म्हणून होती ती वतनाची जमीन. महार वतन ही गावाने आणि सरकारने मिळून घातलेली बेडी आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनाचा कायदा बदलण्यासाठी विधेयक आणले. तुटपुंज्या इनामाच्या बदल्यात रात्रंदिवस राबणे आणि तेही वंशपरंपरेने, ही रचना मोडायची त्यांची मागणी होती. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. ठरलेली रक्कम भरल्यावर जमीन परत मिळाली, पण नव्या शर्तीवर, परवानगीशिवाय विकता न येणारी. तोवर भावकीत वाटण्या होऊन एकेका घराच्या वाट्याला गुंठे उरले होते. जिरायत गुंठ्यांवर बाजरी येते, पाऊस झाला तर. त्यावर वर्ष निघत नाही.

म्हणून नगरच्या कॅथलिक कुटुंबाचे शेतीचे वर्ष वसईसारखे वाडीभोवती फिरत नाही. पावसाळ्यात स्वतःचा तुकडा पेरायचा आणि त्याच दिवसांत दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचे. दिवाळीनंतर काही घरे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. मग घरात राहते ती म्हातारी, दोन शेळ्या आणि शाळेत जाणारे पोर. नाताळ कधी गावात, कधी कारखान्याच्या पालावर. आडनावे शेजारच्या बौद्ध घरांचीच असतात, कारण पणजोबा एक. वस्ती एक, नळ एक, भावकी एक. कुणाच्या घरात बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, कुणाच्या घरात बाबासाहेबांची आणि मारियेची. गावातले बाकीचे लोक दोघांच्याही वस्तीला जुन्याच नावाने ओळखतात. तिथे कुणी बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही.

श्रीरामपूर तालुक्यातले हरेगाव हे या जिल्ह्यातल्या कॅथलिकांचे पंढरपूर म्हणावे असे ठिकाण. सप्टेंबरमध्ये मतमाउलीच्या यात्रेला लाखो माणसे येतात. त्यांत ख्रिस्ती असतात तशी इतरही असतात. याच हरेगावात बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता, देशातल्या सुरुवातीच्या खासगी कारखान्यांपैकी एक. कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन हजारो एकरांवर उसाचे मळे उभे केले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर कारखान्यांच्या अशा जमिनी सरकारकडे आल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे कसायला गेल्या. पुढे मूळ मालकांच्या वारसांनी, म्हणजे खंडकरी शेतकऱ्यांनी, दीर्घ लढा दिला आणि २०१२ च्या सुमारास जमिनी परत मिळू लागल्या. त्यांचा दावा खोटा होता असे मी म्हणत नाही. पण हिशेब बघा. जमिनीचे मालक बदलले: शेतकरी, कंपनी, सरकार, पुन्हा शेतकऱ्यांचे वारस. या सगळ्या काळात त्या उसाला पाणी देणारे, खांदणी करणारे, तोडणारे हात बदलले नाहीत. त्यांत बौद्ध होते, मातंग होते, ख्रिस्ती होते. मालकाच्या नातवाला एकर मिळाले. मजुराच्या नातवाला राहत्या जागेच्या दोन गुंठ्यांसाठी अर्ज करावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणे हा आपल्या कायद्यात वारसा ठरत नाही, मालकी हाच वारसा ठरतो.

याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. साऱ्या महाराष्ट्राने ते बघितले. मतमाउलीच्या यात्रेला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते. श्रद्धेचे गाव आणि जातीचे गाव ही दोन गावे नसतात.

चर्चने नगरमध्ये काहीच केले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. फादर हर्मन बाकर या मूळच्या स्वित्झर्लंडच्या जेझुइटाने आयुष्य याच दुष्काळी भागात घालवले. १९८९ पासूनचा इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘वॉटर’ संस्था हे त्यांच्या कामाचे फळ. डोंगरावर चर खणले, बांध घातले, विहिरींना पाणी आले. पण आपल्याकडे जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या विहिरीत जाते. पाणलोटाच्या कामासाठी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी लागते, आणि ती सगळ्यांत आधी जाणवते शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाला. त्याला बांधबंदिस्तीची मजुरी मिळाली, गावात काम वाढले, हा फायदा खरा. तरी ज्याच्याकडे जमीन होती त्याची बागायत झाली आणि ज्याच्याकडे नव्हती तो बागायतीतला मजूर झाला. चांगल्या हेतूचे काम जमिनीच्या जुन्या वाटणीवरून वाहत गेले की असेच होते.

१८५० आणि १९५०

या सगळ्याच्या मागे दोन कायदे आहेत, बरोबर शंभर वर्षांच्या अंतराचे. १८५० चा एकविसावा कायदा, ज्याला जातीमुळे येणारी अपात्रता दूर करणारा कायदा म्हणत. त्याने सांगितले की धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकले गेले म्हणून कुणाचा मालमत्तेचा किंवा वारशाचा हक्क जाणार नाही. कायदा चांगला होता. पण त्याचा उपयोग कुणाला? ज्याच्याकडे वारशाने यायला काही होते त्याला. भूमिहीनाला त्याने भूमिहीनपणाचा वारसा शाबूत ठेवला.

मग १९५० चा संविधान (अनुसूचित जाती) आदेश. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने सांगितले की हिंदू नसलेली व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. दोन्ही तारखा एकत्र ठेवल्या की चित्र स्वच्छ दिसते. धर्म बदलणाऱ्याकडे जमीन असेल, तर ती त्याच्याकडे राहावी म्हणून कायदा झाला. धर्म बदलणाऱ्याकडे जमीन नसेल, तर त्याला मिळणारे संरक्षण काढून घेण्यासाठी कायदा आहे.

तमिळनाडूतल्या सुसाई नावाच्या चर्मकाराने १९८० च्या दशकात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला होता. सरकार रस्त्याकडेला बसणाऱ्या चर्मकारांना मोफत टपऱ्या देत होते, त्याला ती ख्रिस्ती म्हणून नाकारली गेली. १९८५ च्या निकालाचा आशय असा: धर्मांतरानंतरही जातीचे चटके त्याच तीव्रतेने बसतात याचा पुरावा दाखवा. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा अशी शिफारस केली, ती स्वीकारली गेली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला, त्याला मुदतवाढ मिळत राहिली. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने म्हटले की ख्रिस्ती झालेल्याला अट्रॉसिटी कायद्याचा आधार घेता येत नाही. म्हणजे मारणारा जात बघून मारतो आणि तक्रार घेणारा धर्म बघून कलम लावतो.

‘इतर’ नावाचा रकाना

पुरावा दाखवा म्हणतात, तर पुरावा तयार कोण करणार? देशात शेतीची गणना होते. त्यात खातेदारांचे सामाजिक गट असतात: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर. नगरचा दलित ख्रिस्ती अल्पभूधारक कुठे मोजला जातो? ‘इतर’मध्ये. म्हणजे बागायतदाराच्या रांगेत. त्याचे गुंठे ‘इतरां’च्या सरासरीत विरघळून जातात. कोर्टाला हवा असलेला पुरावा सरकारी रकान्यातच पुरला जातो.

योजनांचेही तसेच. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देते, २०१८ पासून पूर्ण अनुदानावर. पात्र कोण? अनुसूचित जाती आणि नवबौद्ध. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना नव्या विहिरीसाठी अनुदान देते. पात्र कोण? तेच. एका वस्तीतल्या दोन चुलत भावांपैकी बौद्ध भाऊ अर्ज करू शकतो, ख्रिस्ती भाऊ करू शकत नाही. दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, तेव्हा मागणी भूमिहीनांसाठी होती. तुरुंगाच्या दारात कुणाचा धर्म विचारला नव्हता.

बाजारातून जमीन घ्यावी म्हटले तर कूळकायद्याचे कलम ६३ आडवे येते. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. हेतू चांगला, भांडवलदारांनी जमिनी गिळू नयेत. पण शेतकरी असण्याचा दाखला येतो तो बहुधा बापाच्या सातबाऱ्यातून. पिढ्यान्‌पिढ्या माती उपसलेल्या माणसाला आपण शेतकरी आहोत हे सिद्ध करावे लागते, आणि जमिनीवर कधी पाय न ठेवलेला वारस जन्मतःच शेतकरी असतो.

यातून घराघरांत एक तडजोड झाली, जी आपल्या वाचकांपैकी अनेकांना जवळून माहीत असेल. शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’ लिहायचे, रविवारी चर्चला जायचे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, जात पडताळणी या सगळ्या पायऱ्या त्या एका शब्दावर उभ्या. पहिल्यांदा पदवीपर्यंत पोचलेल्या मुलाला आपली श्रद्धा लपवून शिकावे लागते आणि कुणी विरोधक उठून त्याच्या घरातल्या क्रुसाचा फोटो पडताळणी समितीकडे पाठवेल या धाकात नोकरी करावी लागते. याला लोक फसवणूक म्हणतात. मी म्हणेन, फसवणूक त्या तिसऱ्या परिच्छेदाची आहे. त्याने एका घराला खरे बोलण्याची किंमत म्हणून मुलाचे शिक्षण मागितले.

आपला वाटा कमी होईल?

आपल्यातच एक आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जागा आधीच कमी, त्या भरल्या जात नाहीत, खासगीकरणात सरकारी नोकऱ्या उरल्या नाहीत. त्यात आणखी वाटेकरी आणले तर आपल्या मुलांचे काय? ही भीती खोटी नाही. पण ती आपल्याला ओळखीची वाटायला हवी. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९९० पर्यंत हीच वाक्ये बौद्धांना ऐकवली जात होती. तुमच्यात आता जात नाही, मग सवलती कशाला? चौतीस वर्षे केंद्राने दार बंद ठेवले. महाराष्ट्राने मात्र यशवंतराव चव्हाणांच्या काळातच राज्याच्या सवलती नवबौद्धांना दिल्या होत्या. दिल्लीची वाट न बघता राज्याला पाऊल टाकता येते, याचा हा दाखला आपल्याच इतिहासात आहे.

म्हणून मला मागणीचा क्रम असा दिसतो. तिसरा परिच्छेद जावा, ही संविधानिक मागणी आहेच, आणि त्यासोबत जागांचे प्रमाण लोकसंख्येनुसार वाढले पाहिजे. पण जमीन आणि विहीर यांसाठी तोवर थांबायचे कारण नाही. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्र सरकार आजही ओबीसीमध्ये वेगळी नोंद करून ओळखते. म्हणजे ही माणसे कोण हे सरकारला ठाऊक आहे. त्यांतल्या भूमिहीनांसाठी वेगळ्या तरतुदीसह गायकवाड योजना आणि विहिरीची योजना लागू करायला संविधान दुरुस्त करावे लागत नाही. त्याने कुणाची शिष्यवृत्ती कमी होत नाही, कुणाची जागा जात नाही.

दुसरी मागणी चर्चकडे आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता चालते हे कबूल केले. २०२२ मध्ये अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. दोन्ही गोष्टी चांगल्या. आता जमिनीवर बोलू. धर्मप्रांतांकडे शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, काही ठिकाणी शेतजमीनही आहे. वसई आणि नाशिक हे एकाच चर्चचे दोन धर्मप्रांत, नगर नाशिकमध्ये मोडते. वसईच्या शेतकऱ्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या चर्चने नगरच्या भूमिहीनासाठी महसूल कार्यालयावर मोर्चा का काढू नये? बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर लिहिताना हाच सल मांडला होता. धर्मांतरिताच्या आत्म्याची काळजी झाली, त्याच्या सामाजिक अन्यायावर त्याचे धर्मबंधू बोलले नाहीत. त्या टीकेला उत्तर अजून यायचे आहे.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार, असा निर्णय २०२५ मध्ये झाला. दारात येणारा प्रगणक वस्तीतल्या आजीला विचारेल: धर्म? जात? ती गोंधळेल, कारण दोन्ही खरे सांगितले तर नातवाचे काय होईल ही धास्ती तिला आहे. तिथे वस्तीतला शिकलेला मुलगा किंवा मुलगी हजर असली पाहिजे. धर्माच्या उत्तरात धर्म आणि जातीच्या उत्तरात जात, दोन्ही नोंदवून घ्यायचा आग्रह धरता आला पाहिजे. आणि ज्या घरात तसे सांगणे आज धोक्याचे आहे, त्या घराला उपदेश करू नये. आधी आजूबाजूच्या घरांनी, विशेषतः बौद्ध घरांनी, त्याच्या बाजूने उभे राहावे. फेरफार, सातबारा, वतनाच्या जुन्या नोंदी, गायरानावरच्या अतिक्रमणाचे दावे हे कागद वाचता येणारी पहिली पिढी आपल्या वस्तीत आपण आहोत. ते कागद आधी स्वतःच्या घराचे वाचावेत, मग शेजारच्या ख्रिस्ती घराचेही वाचून द्यावेत.

वसईच्या शेतकऱ्याची वाडी राहो. तिच्यावर टॉवर येऊ नये यासाठी आपणही त्याच्या सोबत आहोत. आपली मागणी एवढीच आहे की ‘कॅथलिक शेतकरी’ हा शब्द उच्चारताना नगरच्या उसात उभी असलेली बाईही त्यात धरली जावी, आणि ती नुसती मिस्सेत नव्हे, सातबाऱ्यावरही दिसावी.